अंगठे कुणाचे, जमीन कुणाची

९ ऑगस्ट १८१४. कूसा आणि टॅलापूसा या दोन नद्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथल्या फोर्ट जॅक्सन नावाच्या तटबंदीत क्रीक या मूळनिवासी अमेरिकन लोकांच्या पस्तीसेक प्रमुखांनी एका कागदावर आपापल्या खुणा केल्या आणि सुमारे सव्वादोन कोटी एकर जमीन अमेरिकेच्या सरकारकडे गेली. आजच्या अलाबामाचा जवळजवळ निम्मा भाग, आणि जॉर्जियाचा दक्षिणेकडचा लांबच लांब पट्टा. अंदाज यावा म्हणून सांगते, विदर्भाहून किंचित लहान एवढा मुलूख. खुणा करणाऱ्यांत अमेरिकेविरुद्ध लढलेला प्रमुख फक्त एक होता. बाकीचे अमेरिकेच्या बाजूचे. त्यांच्यातले कित्येक तर नुकत्याच संपलेल्या क्रीक युद्धात जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेबरोबर स्वतःच्या भाऊबंदांवर चालून गेलेले.

क्रीकांची जमीन युद्धात गेली, असं सर्रास लिहिलं जातं. युद्धात माणसं गेली. जमीन गेली ती नंतर, कागदावर, आणि ती घेताना जिंकणाऱ्याला हरलेल्याची संमती हवी होती. नुसता कब्जा पुरला नसता का? फौज होती, तोफा होत्या. तरी खुणा लागल्याच. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट ही आहे.

मी अटलांटाच्या उपनगरात राहते. कामावर जाताना चॅटाहूची नदी ओलांडते. याच नदीच्या खालच्या अंगाला कुसेटा आणि कोवेटा ही क्रीकांची मोठी, जुनी गावं होती. क्रीक, म्हणजे स्वतःच्या भाषेत मस्कोगी, हे एका राजाच्या हाताखालचं राज्य कधीच नव्हतं. तो गावांचा संघ होता. प्रत्येक गावाची सभा, प्रत्येक गावाचा प्रमुख, मधोमध तेवत ठेवलेला गावाचा अग्नी. कूसा आणि टॅलापूसाच्या काठचे ते अप्पर क्रीक, चॅटाहूची आणि फ्लिंटच्या काठचे ते लोअर क्रीक, ही इंग्रजांनी पाडलेली ढोबळ विभागणी. जमीन कुणा एकाची नव्हती, म्हणून कुणा एकाला ती विकताही येत नव्हती. हे अमेरिकन अधिकाऱ्यांना नीट ठाऊक होतं. तरीही (किंवा म्हणूनच) ते पुन्हा पुन्हा सही करायला तयार होईल असा एखादा माणूस शोधत राहिले.

१८११ मध्ये उत्तरेकडून शॉनी जमातीचा नेता टेकमसे टकाबॅची या गावी आला आणि गोऱ्यांविरुद्ध एकजूट करा म्हणाला. तोपर्यंत हरणांच्या कातड्यांचा व्यापार बसत चालला होता, व्यापाऱ्यांची कर्जं चढली होती, आणि त्या कर्जांपोटी जमिनीचे तुकडे आधीच जाऊ लागले होते. सरकारी एजंट बेंजामिन हॉकिन्स क्रीकांना नांगर आणि चरखा देऊन ‘सुधारत’ होता. काहींना ते पटलं, काहींना नाही. न पटलेल्यांनी लाल रंगाच्या युद्धगदा उचलल्या, म्हणून त्यांना रेड स्टिक्स म्हणू लागले. ते आधी क्रीकांचं आपसातलं युद्ध होतं. जुलै १८१३ मध्ये बर्न्ट कॉर्न इथे गोऱ्या टोळीने रेड स्टिक्सवर हल्ला केला. ३० ऑगस्टला रेड स्टिक्सनी फोर्ट मिम्सवर चाल करून अडीचशेच्या आसपास माणसं मारली, त्यांत बायका-मुलंही होती. मग टेनेसीहून जॅक्सन आला. त्याच्या माणसांनी टॅलुशॅचीला, आणि टेनेसीच्याच दुसऱ्या फौजेने हिलाबीला जे केलं तेही तसंच भयंकर होतं.

शेवटची लढाई हॉर्सशू बेंडला झाली. बाबा आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा त्यांना घेऊन मी तिथे गेले. टॅलापूसा नदी तिथे घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि मधे जमिनीची जीभ सुटते. त्या जिभेच्या मुळाशी रेड स्टिक्सनी ओंडक्यांची भक्कम भिंत उभारली होती. आत हजारेक लढवय्ये, आणि मागच्या टोकाला गावात त्यांची बायकामुलं. २७ मार्च १८१४ ला सकाळी जॅक्सनच्या दोन तोफांनी त्या भिंतीला काहीही झालं नाही. पण जॅक्सनबरोबर चेरोकी जमातीचे लोक होते, मित्र क्रीक होते. चेरोकींनी पोहत जाऊन मागच्या काठावरच्या होड्या पळवल्या आणि पाठीमागून वाट फुटली. संध्याकाळपर्यंत आठशेहून अधिक रेड स्टिक्स मेले. मेलेल्यांची मोजदाद चुकू नये म्हणून सैनिकांनी प्रेतांच्या नाकांचे शेंडे कापले. जमिनीवरची प्रेतं ५५७ भरली, नदीतली निराळी.

आज तिथे गवताचं मैदान आहे, भिंत होती ती रेघ दाखवणारे पांढरे खुंट आहेत. बाबा बराच वेळ नदीकडे बघत उभे होते. ते यवतमाळ जिल्ह्यात तलाठी होते, पस्तीस वर्षं. जमिनीच्या गोष्टीत त्यांना लढाई कधीच महत्त्वाची वाटत नाही.

“मग फेरफार कसा झाला?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना फोर्ट जॅक्सनच्या तहाचं सांगितलं. पहिलं कलम वाचून दाखवलं. युद्ध शेवटास नेण्यासाठी जो खर्च झाला त्याच्या भरपाईदाखल ही जमीन, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

“आणि अंगठे कोणाचे आहेत?”

“मित्रांचे, बाबा. जे यांच्या बाजूने लढले त्यांचे.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “म्हणजे एका भावानं गुन्हा केला म्हणून दुसऱ्या भावाच्या हिश्शावर बोजा चढवला. आणि संमतीही त्याच्याकडूनच घेतली.”

याहून नेमकं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. तहापूर्वीच्या बोलण्यांत टकाबॅचीचा प्रमुख बिग वॉरियर हेच तर सांगत होता. तो अमेरिकेशी प्रामाणिक राहिला होता, त्यापायी रेड स्टिक्सनी त्याच्या गावाला वेढाही घातला होता. मित्र क्रीकांच्या नुकसानीची भरपाई होईल, असं अमेरिकेच्या जनरल पिंकनीने एप्रिलमध्ये कळवलं होतं, आणि त्या भरवशावर ही मंडळी बोलणी करायला आली होती. जॅक्सनने तयार नकाशा पुढे केला. टेकमसे तुमच्या गावात आला तेव्हा त्याला पकडून का दिला नाहीत, गोळी का घातली नाहीत, असा उलट जाब विचारला. ज्यांना सही करायची नसेल त्यांनी खुशाल स्पॅनिश फ्लोरिडात निघून जावं, म्हणजे ते शत्रू हे आम्हाला कळेल. अशा बोलण्यानंतर झालेली खुण म्हणजे संमती, असं इतिहासाच्या दप्तरात नोंदलं गेलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंड आणि अमेरिकेत १८१२ पासून चाललेलं युद्ध मिटवायला गेंट इथे तह झाला. त्याच्या नवव्या कलमात, युद्धात उतरलेल्या इंडियन जमातींना १८११ मधली त्यांची मालमत्ता आणि हक्क परत द्यावेत असं ठरलं. जॅक्सनने एक एकरही परत केला नाही. १९६२ मध्ये, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, मूळनिवासींचे दावे ऐकणाऱ्या इंडियन क्लेम्स कमिशनने फोर्ट जॅक्सनच्या तहातल्या सुमारे ८९ लाख एकरांबद्दल क्रीकांना ३९ लाख डॉलर मंजूर केले. एकरी पाऊण डॉलरही नाही, अर्ध्याहून कमी.

परतीच्या वाटेवर बाबांनी आपण होऊन वऱ्हाडाचा विषय काढला. फौजेचा खर्च दाखवून मुलूख घ्यायचा हे त्यांना नवीन नव्हतं. १८५३ मध्ये हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेची थकबाकी पुढे करून डलहौसीने निजामाकडून वऱ्हाड असाच काढून घेतला. नुसतं साम्य म्हणून मी हे इथे आणलं नसतं. पण या दोन जमिनी खरोखरच एका धाग्याने बांधल्या गेल्या, आणि तो धागा कापसाचा आहे. फोर्ट जॅक्सनच्या तहाने गेलेल्या मुलखात अलाबामाच्या काळ्या मातीच्या पट्ट्याचा मोठा भाग होता. १८१० मध्ये आजच्या अलाबामात जेमतेम नऊ हजार लोक मोजले गेले होते. १८२० मध्ये ते एक लाख सत्तावीस हजारांवर गेले, १८३० मध्ये तीन लाखांच्या वर. सगळे कापसासाठी आले. येताना माणसं साखळदंडात घालून आणली. १८६० मध्ये अलाबामाच्या नऊ लाख चौसष्ट हजार लोकांपैकी चार लाख पस्तीस हजार गुलाम होते. हा कापूस अलाबामातल्या मोबाईल नावाच्या बंदरातून इंग्लंडमधल्या लँकेशायरला जायचा. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. अमरावती, खामगावच्या बाजारात पैसा वाहू लागला. मुंबईत शेअरचा जुगार माजला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. तेजीत काढलेली कर्जं शेतकऱ्यांच्या अंगावर राहिली, आणि दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले.

कागद जाळावेत असं क्रीकांना वाटलं नसेल? पण त्यांनी निराळं केलं. ते कायदा शिकले.

जमिनीची विक्री फक्त राष्ट्रीय सभेच्या संमतीने, आणि सभेला डावलून जो जमीन विकेल त्याला मृत्युदंड, असा कायदा त्यांनी केला. विल्यम मॅकिन्टॉशला तो पुरता ठाऊक होता. बाप स्कॉटिश, आई क्रीक; लोअर क्रीकांचा मोठा प्रमुख, हॉर्सशू बेंडला जॅक्सनच्या बाजूने लढलेला, मळ्याचा आणि गुलामांचा मालक. १८२१ मध्ये इंडियन स्प्रिंग्स इथे त्याने इतर प्रमुखांबरोबर एक तह केला आणि त्या झऱ्याभोवतीची हजार एकर जमीन स्वतःसाठी राखून घेतली. तिथे त्याने १८२३ मध्ये बांधलेलं हॉटेल अजून उभं आहे. अटलांटाहून तासाभराची वाट. झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास येतो आणि लोक आजही कॅन भरभरून नेतात. त्या लाकडी इमारतीत उभं राहिलं की मला गुदमरायला होतं.

कारण १२ फेब्रुवारी १८२५ ला मॅकिन्टॉशने आणि त्याच्या गोटातल्या माणसांनी याच जागी आणखी एका तहावर सह्या केल्या. जॉर्जियातली क्रीकांची उरलीसुरली सगळी जमीन गेली, शिवाय अलाबामातली काही. चार लाख डॉलर ठरले. त्याखेरीज मॅकिन्टॉशला त्याच्या स्वतःच्या मालमत्तेपोटी पंचवीस हजार. सभेचा तरुण वक्ता ओपोथलेयाहोला तिथे हजर होता आणि त्याने तोंडावर सांगितलं की या माणसांना हा अधिकार नाही. सिनेटने तरीही तीन आठवड्यांत तह मंजूर केला. नवे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी शपथेनंतर तिसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, त्यावर सही केली.

३० एप्रिलला पहाटे सभेने धाडलेले दीडशेच्या आसपास लोक चॅटाहूचीच्या काठच्या मॅकिन्टॉशच्या घरी आले. त्यांचा म्होरक्या होता मेनावा. हाच मेनावा हॉर्सशू बेंडला रेड स्टिक्सचा सेनानी होता, अंगावर अनेक जखमा घेऊन प्रेतांच्या राशीतून रात्री नदीपार निसटला होता. त्या दिवशी मॅकिन्टॉश त्याच्या समोरच्या बाजूला होता. आता मेनावाच्या हातात सभेचा निकाल होता. घर पेटवलं, मॅकिन्टॉशला बाहेर काढला आणि ठार केला. गोऱ्या वर्तमानपत्रांनी याला खून म्हटलं. माझं मत विचाराल तर मला मृत्युदंड पटत नाही, कुठेच पटत नाही. पण ही सुडाची रात्र नव्हती. देशाच्या घोषित कायद्याची ती बजावणी होती, आणि त्या देशाचं नाव मस्कोगी होतं.

मग ओपोथलेयाहोला आणि त्याचे सहकारी वॉशिंग्टनला गेले, आणि सिनेटने मंजूर केलेला तह त्यांनी रद्द करून घेतला. अमेरिकेच्या इतिहासात असं जवळजवळ घडलेलंच नाही. २४ जानेवारी १८२६ च्या नव्या तहाने १८२५ चा तह रद्दबातल ठरला. जॉर्जियाचा गव्हर्नर जॉर्ज ट्रूप, जो मॅकिन्टॉशचा नातलग होता, त्याने तो मानलाच नाही. त्याने मोजणीदार पाठवले, संघराज्याच्या सरकारला लढाईची धमकी दिली, आणि ॲडम्स यांनी माघार घेतली. तशीही नव्या तहात जॉर्जियातली बहुतेक जमीन जातच होती; राहिलेली चिंचोळी पट्टी १८२७ मध्ये गेली. जॉर्जियाने ती जमीन सोडतीने वाटली. प्रत्येकी दोनशे अडीच एकरांचे गट पाडले आणि नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. आमचं घर आहे त्या बाजूला वेगळ्या सोडतीचे गट आहेत, पण जुन्या खरेदीखतांवर आजही तेच ‘लँड लॉट’चे क्रमांक चालतात. बाबांनी आमच्या घराचा कागद वाचताना तो क्रमांक पहिल्यांदा हेरला.

२४ मार्च १८३२ चा कुसेटाचा तह बाबांनी मात्र चार वेळा वाचायला लावला. यात क्रीकांनी मिसिसिपीच्या पूर्वेकडची सगळी जमीन देऊन टाकली. बदल्यात नव्वद प्रमुखांना प्रत्येकी ६४० एकर आणि इतर प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ३२० एकर, त्याच्या स्वतःच्या नावावर. विकायची तर विकावी, राहायचं तर राहावं. बाराव्या कलमात लिहिलंय की कुणाही क्रीकाला जायची सक्ती नाही, जावं की राहावं हे त्यांच्या मर्जीवर. सामाईक जमिनीला सातबारा लावला की पुढे काय होतं हे तलाठ्याला सांगावं लागत नाही. जमिनी लाटणाऱ्या टोळ्या जॉर्जियातल्या कोलंबस शहरातून आल्या. दारू पाजून, कर्ज दाखवून, धाकदपटशाने सह्या घेतल्या. तेही जमेना तेव्हा तोतये उभे केले. कुणातरी क्रीकाला चार पैसे देऊन सरकारी अधिकाऱ्यापुढे ‘हाच अमुक, हाच जमिनीचा मालक’ म्हणून न्यायचं, त्याच्या हातून खरेदीखत करून घ्यायचं, आणि दिलेले पैसे बाहेर येताच परत काढून घ्यायचे. खऱ्या मालकाला कळायचं ते नवा माणूस कुंपण घालायला आल्यावर.

“हेच,” बाबा म्हणाले. “हेच आमच्याकडे रजिस्ट्रार ऑफिसात पाहिलंय. फक्त हे एवढं, एका दमात, एका अख्ख्या लोकांचं, हे नव्हतं पाहिलं.”

चौकशी सुरू झाली होती. १८३६ मध्ये भुकेलेल्या, घराबाहेर काढलेल्या क्रीकांपैकी काहींनी हत्यार उचललं आणि त्या निमित्ताने चौकशी गुंडाळली गेली, जावं की राहावं ही मर्जीही संपली. जुलैत अडीच हजारांच्या आसपास माणसं मॉन्टगोमेरीकडे हाकली, त्यांतल्या पुरुषांच्या हातात बेड्या होत्या. पुढच्या वर्षभरात जवळजवळ सगळेच गेले, एकूण पंधरा हजारांच्या घरात. ३१ ऑक्टोबर १८३७ च्या रात्री मिसिसिपीवर मॉनमाउथ नावाची जुनाट बोट दुसऱ्या बोटीवर आदळून दुभंगली आणि सुमारे तीनशे क्रीक बुडाले. मेनावाचं काय झालं? अलाबामात राहता येईल या आशेने तो फ्लोरिडात सेमिनोल जमातीविरुद्ध अमेरिकेच्या बाजूने लढायला गेला होता. परत आल्यावर त्यालाही हाकललं.

लोचापोका गावची माणसं १८३६ मध्ये आजच्या ओक्लाहोमात एका ओकच्या झाडाखाली पोहोचली आणि अलाबामाहून आणलेल्या अग्नीच्या राखेवर त्यांनी नवा अग्नी पेटवला. ते झाड टल्सा शहरात आहे, त्याच्याभोवती ते शहर वाढलं. वेटम्का, युफॉला, ही गावांची नावंही ते बरोबर घेऊन गेले.

कुसेटाच्या तहात एक चौदावं कलमही होतं. पश्चिमेकडचा देश क्रीकांचाच राहील याची गंभीरपणे हमी, आणि कुठल्याही राज्याला त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार कधीच नसेल. ते कलम किती पाळलं गेलं हे थोडक्यात सांगते, कारण पुढची हकीकत मागच्यासारखीच आहे. यादवी युद्धात क्रीकांमध्ये पुन्हा फूट पडली. ओपोथलेयाहोला, आता म्हातारा, संघराज्याशी एकनिष्ठ राहिला आणि १८६१ च्या हिवाळ्यात हजारो लोकांना घेऊन बर्फातून कॅन्ससकडे निघाला. वाटेत आणि छावण्यांत माणसं थंडीने, उपासमारीने मेली. तो स्वतः १८६३ मध्ये गेला. युद्ध संपल्यावर १८६६ च्या तहात शिक्षा मात्र सगळ्या मस्कोगींना झाली, निष्ठावंतांनाही. अर्धा देश गेला: ३२,५०,५६० एकर, एकरी तीस सेंट. मग १९०१ पासून उरलेल्या जमिनीचे माणशी १६० एकरांचे तुकडे पडले, आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की मस्कोगींचा देश संपला.

९ जुलै २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की संपलेला नाही. काँग्रेसने तो राखीव प्रदेश कधी स्पष्ट शब्दांत मोडलाच नव्हता. म्हणजे टल्साच्या मोठ्या भागासह सुमारे तीस लाख एकरांचा तो मुलूख फौजदारी कायद्याच्या दृष्टीने अजूनही मस्कोगी राखीव प्रदेश आहे. न्यायमूर्ती नील गोर्सच यांच्या निकालपत्राचं पहिलंच वाक्य आहे की अश्रूंच्या वाटेच्या (पश्चिमेकडच्या त्या हद्दपारीला हेच नाव पडलंय) त्या टोकाला एक वचन होतं. १८३२ चं चौदावं कलम त्यात उद्धृत केलंय. जमिनीचा मालकी हक्क कुणाला परत मिळालेला नाही. पण जिंकणाऱ्याने आपली लाज झाकायला लिहून घेतलेला कागद जिंकणाऱ्यालाच वाचून दाखवण्यात आला. मी तो निकाल बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, “मूळ दस्त होता ना त्यांच्याकडे?” होता.

आणि जुलै २०२५ मध्ये खुद्द मस्कोगी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८६६ चा तह आला. क्रीकांनीही गुलाम ठेवले होते, मॅकिन्टॉशने, ओपोथलेयाहोलानेही. १८६६ च्या तहाच्या तिसऱ्या कलमात अर्धा देश गेला, पण त्याच्या अगोदरच्या, दुसऱ्या कलमात मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना मस्कोगींच्या बरोबरीचे हक्क दिले होते. १९७९ च्या मस्कोगी राज्यघटनेने नागरिकत्व रक्ताच्या नात्यावर बांधलं आणि हे लोक बाहेर पडले. न्यायालयाने सांगितलं की तह बंधनकारक आहे, सगळाच्या सगळा. तेव्हा त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज घ्यावे लागतील.